लहान राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय राजकारणातील वाटा: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: अनुजा_सातारा

नमस्कार. मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लघुप्रबंधासाठी लहान राष्ट्रांच्या भूमिकेचा विषय घ्यावा, असे गेले काही महिने मनात आहे. या विषयाकडे मी वळले त्याचे कारण अभ्यासक्रमातच आहे. आम्ही जे शिकतो त्यात अमेरिका, रशिया, चीन आणि भारत हे कर्ते असतात, आणि लहान राष्ट्रे आली तरी कोणाचा तरी लष्करी तळ, दोन मोठ्या देशांमधली मोकळी पट्टी किंवा संयुक्त राष्ट्रांमधले एक मत एवढ्याच नात्याने येतात. त्यांनी स्वतः काय ठरवले, ते का ठरवले आणि त्यातले किती साधले, याविषयी वर्गात जवळजवळ काहीच बोलले जात नाही.

माझी पहिली अडचण व्याख्येची आहे. राष्ट्रकुल आणि जागतिक बँक साधारण १५ लाख लोकसंख्येची मर्यादा धरतात, तर सिंगापूरच्या पुढाकाराने १९९२ मध्ये स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांमधील लहान राष्ट्रांचा मंच १ कोटीपर्यंतच्या देशांना सामावून घेतो आणि त्याची सदस्यसंख्या शंभरावर गेली आहे. नेपाळची लोकसंख्या ३ कोटींच्या आसपास असूनही भारत आणि चीन यांच्यामध्ये तो लहानच ठरतो. मग मर्यादा कोठे आखावी?

दुसरी अडचण पद्धतीची आहे. भूतान, मालदीव, मॉरिशस आणि सिंगापूर या चार देशांची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, लष्करी खर्च आणि व्यापार यांच्या आधारे तुलना करण्याचा आराखडा मी मार्गदर्शकांना दाखवला. या आकड्यांवरून हे देश लहान आहेत एवढेच सिद्ध होईल, त्यांची भूमिका दिसणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे मला पटते, परंतु ‘भूमिका’ नेमकी कशावरून ओळखायची, एकच देश घ्यावा की अनेक, आणि साताऱ्यात बसून मूळ साधनांपर्यंत कसे पोहोचावे, हे मला अजून उमगलेले नाही. या विषयात ज्यांनी वाचन किंवा काम केले आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

उत्तर १: सागरतीर

व्याख्येवर एक संपूर्ण प्रकरण खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील मतांचा असेल तर १ कोटीची मर्यादा चालते, आणि शेजाऱ्याशी असलेल्या नात्याचा असेल तर त्या दोघांमधील तफावतच पुरेशी आहे. मर्यादा प्रश्नावरून ठरवावी, एका परिच्छेदात ती सांगावी आणि पुढे जावे.

भूमिका ओळखायची असेल तर एखादा प्रत्यक्ष वाद हातात घ्यावा लागतो. तो कोणाशी होता, कोणत्या व्यासपीठावर लढला गेला, ते व्यासपीठ मिळण्यापूर्वी किती दारे बंद झाली होती, आणि शेवटी जे मिळाले त्यासाठी काय सोडावे लागले, हे टप्प्याटप्प्याने मांडले की लहान राष्ट्राचा निर्णय आपोआप दिसू लागतो. आपल्या चार देशांपैकी मॉरिशस या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे, कारण चागोस द्वीपसमूहाचा त्याचा वाद साठ वर्षांचा आहे आणि त्याची बहुतेक कागदपत्रे खुली आहेत.

या वादाचे मूळ मॉरिशसच्या स्वातंत्र्यापूर्वीचे आहे. ब्रिटनने ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस बेटे मॉरिशसच्या वसाहतीपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ या नव्या वसाहतीत घातली, कारण त्यांतील दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. त्याआधी सप्टेंबरमध्ये लंडनला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्याशी भेट ठरली होती. रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचे, म्हणजे स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि बेटे सोडली नाहीत तर ते कदाचित मिळणार नाही ही भीती, हा त्या भेटीचा हेतू असल्याची टिपणी विल्सन यांच्या सचिवाने लिहून ठेवलेली आहे. मोबदला म्हणून ३० लाख पौंड देण्यात आले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, आणि त्याच सुमारास सुरू झालेले चागोसवासीयांचे सक्तीचे स्थलांतर १९७३ पर्यंत पूर्ण करण्यात आले. दीड ते दोन हजार माणसे आपल्या बेटांवरून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडली गेली.

आता व्यासपीठांकडे पाहावे. मॉरिशसला ब्रिटनविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात सरळ दावा लावता येत नव्हता, कारण न्यायालयाचा अधिकार मान्य करताना ब्रिटनने राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद वगळले होते. २००४ मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुलातून बाहेर पडून दावा लावण्याची शक्यता चाचपली, तेव्हा ब्रिटनने आपले घोषणापत्र बदलून राष्ट्रकुलातील माजी सदस्यांशी असलेले वादही वगळले. ते दार असे बंद झाले. पुढे २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले आणि त्यामुळेच मॉरिशसला वेगळी वाट मिळाली. सागरी कायद्याच्या करारात काही वाद सक्तीने लवादापुढे नेता येतात आणि त्यातून ब्रिटनला सुटता येत नव्हते. मार्च २०१५ मध्ये लवादाने सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर निर्णय देण्याचे टाळले, मात्र ते संरक्षित क्षेत्र घोषित करताना ब्रिटनने मॉरिशसच्या हक्कांचा भंग केला, असे ठरवले.

त्यानंतरची चाल मला सर्वांत अभ्यसनीय वाटते. मॉरिशसने हा विषय दोन देशांमधील भूभागाचा वाद म्हणून न मांडता अपूर्ण राहिलेल्या वसाहतमुक्तीचा प्रश्न म्हणून आमसभेपुढे नेला. वसाहत सोसलेल्या देशांची आमसभेत बहुसंख्या आहे, आणि आफ्रिकी देश तर १९८० पासून आपल्या संघटनेच्या ठरावांतून चागोस परत मागत होते. आमसभेला न्यायालयाकडून सल्लागार मत मागवण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी ब्रिटनच्या संमतीची गरज नव्हती. २२ जून २०१७ रोजी ९४ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला, ६५ देश तटस्थ राहिले. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन त्या तटस्थांत होते, ही गोष्ट ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या निर्णयानंतर वर्षभरातली आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नव्हती आणि ब्रिटनने चागोसवरील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे. त्याच वर्षी मे महिन्यात आमसभेने हे मत ११६ विरुद्ध ६ मतांनी उचलून धरले. भारताने दोन्ही वेळा मॉरिशसच्या बाजूने मत दिले आणि न्यायालयातही त्याच बाजूने निवेदन केले.

सल्लागार मत बंधनकारक नसते, म्हणून त्याला किंमत नाही असे पुष्कळ जण म्हणतात. इथे मात्र त्या मताचा आधार घेऊन सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाच्या विशेष कक्षाने जानेवारी २०२१ मध्ये चागोसवरील मॉरिशसचे सार्वभौमत्व गृहीत धरले, आणि अखेर २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. त्याच करारात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे चालू ठेवण्याची तरतूद आहे. तळाला आपला विरोध नाही, हे मॉरिशस आधीपासून सांगत आला होता. अमेरिकेची गरज आणि ब्रिटनचा हक्क या दोन गोष्टी त्याने एकमेकींपासून अलग केल्या. हे धोरण यशस्वी झाले. त्याची किंमतही तिथेच आहे, कारण जे बेट सर्वांत मोठे आणि ज्यावर सर्वाधिक वस्ती होती, तेच वापरासाठी परत मिळालेले नाही.

लघुप्रबंधाला एवढा एक वाद पुरेल, असे मला वाटते.

उत्तर २: नंदिनी_व

सागरतीर यांनी चागोसची मांडणी फार नेटकेपणाने केली आहे आणि वादातून अभ्यास करावा या त्यांच्या मुख्य सूचनेशी मी सहमत आहे. तरीही केवळ या एका उदाहरणावर थांबण्यात धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. चागोस आपल्याला आकर्षक वाटतो, कारण तिथे लहान राष्ट्राला काही मिळाले. ज्यांना काही मिळाले तेच देश अभ्यासाला घेतले की कायदा आणि बहुमत हीच लहान राष्ट्रांची शस्त्रे आहेत, असा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

या निष्कर्षाची परीक्षा घ्यायची असेल तर आइसलँडकडे पाहावे. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि प्रत्येक वेळी ब्रिटनशी समुद्रात संघर्ष झाला. ब्रिटन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आइसलँड तिथे हजरच राहिला नाही, आणि जुलै १९७४ मध्ये न्यायालयाने ५० मैलांची हद्द ब्रिटनवर लादता येणार नाही असा निकाल दिला. म्हणजे त्या वेळचा कायदा मोठ्या राष्ट्राच्या बाजूने होता. तरीही जून १९७६ मध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द व्यवहारात मान्य केली. आइसलँडकडे स्वतःचे सैन्य नव्हते. गस्ती नौका ब्रिटिश जहाजांची जाळी कापत होत्या, फेब्रुवारी १९७६ मध्ये राजनैतिक संबंध तोडले गेले, आणि आपल्या भूमीवरील केफ्लाविकचा अमेरिकी तळ व नाटोचे सदस्यत्व यांविषयीचा प्रश्न आइसलँडने सतत टांगता ठेवला. उत्तर अटलांटिकमध्ये सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी तो तळ नाटोला हवा होता. आइसलँडचे निर्वाहाचे साधन मासे होते, ब्रिटनच्या दृष्टीने तो काही बंदरांपुरता प्रश्न होता. ज्याला एकच गोष्ट हवी असते तो तिच्यासाठी किती ताणू शकतो, हे या प्रकरणात दिसते.

मॉरिशस आणि आइसलँड शेजारी ठेवले की खरा प्रश्न उभा राहतो. दोघांचा प्रतिपक्ष ब्रिटन, दोघांच्या मागे एक अमेरिकी तळ. एकाने तळाची हमी दिली आणि न्यायालयात गेला, दुसऱ्याने तळ धोक्यात असल्याचे सुचवले आणि न्यायालयाकडे पाठ फिरवली. दोघांनाही जे हवे होते त्याचा मोठा भाग मिळाला. असे का झाले, याचे उत्तर शोधणे हाच मला लघुप्रबंधाचा गाभा वाटतो.

अपयशाचे उदाहरणही आराखड्यात असावे. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या होत्या. त्या देशाने एप्रिल २०१४ मध्ये अण्वस्त्रे असलेल्या नऊ देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केले. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केलेले भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन या तिघांविरुद्धच ती प्रकरणे पुढे सरकली. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने दोन्ही पक्षांत ‘वाद’ अस्तित्वातच नव्हता असे म्हणून ती फेटाळली. भारताच्या प्रकरणात मते ९ विरुद्ध ७ अशी पडली आणि ब्रिटनच्या प्रकरणात ८–८ अशी बरोबरी होऊन अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. आपल्याकडे या खटल्याची फारशी चर्चा झाली नाही. मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा, कारण इथे मोठे राष्ट्र आपण आहोत.

शिवाय लहान राष्ट्रे एकमेकांच्या पाठीशी असतातच असे नाही. मे २०१९ च्या चागोसविषयक ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या सहा देशांत मालदीव होता, कारण चागोसची मालकी बदलली तर त्याची स्वतःची सागरी सीमा मॉरिशसशी ठरवावी लागणार होती. नाउरूसारखा २१ चौरस किलोमीटरचा देश २००२ मध्ये तैवानकडून चीनकडे, २००५ मध्ये पुन्हा तैवानकडे आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनकडे वळला. फॉस्फेटचे साठे संपल्यावर त्याच्या हाती विकण्याजोगे फारसे काही उरले नाही, आणि कोणाला मान्यता द्यायची हा सार्वभौम अधिकार त्याने उत्पन्नाचे साधन केला. हे आपल्याला आवडो वा न आवडो, तीही एक भूमिकाच आहे आणि तिचा अभ्यास तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा.

उत्तर ३: उत्तरवारा

वरील दोन्ही उत्तरांत बोलणारी, दावा लावणारी, मतदान घडवून आणणारी राष्ट्रे आहेत. आपल्या यादीत भूतान आहे म्हणून वेगळ्या प्रकारच्या राष्ट्राकडे लक्ष वेधतो. असे राष्ट्र फारसे बोलत नाही, आणि म्हणून अभ्यासकाच्या नजरेतून सुटते.

८ ऑगस्ट १९४९ च्या करारातील दुसऱ्या कलमानुसार परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे भूतानने मान्य केले होते. या एका कलमावरून भूतानला परराष्ट्र धोरणच नव्हते असे मानण्याची सवय आपल्याकडील लेखनात खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात सप्टेंबर १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तोही भारताच्या पाठिंब्याने, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्याने बांगलादेशाला मान्यता दिली. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झाले, तेव्हा शेजारच्या भूतानकडे आमसभेतील जागा होती आणि सिक्कीमकडे ती नव्हती. हा फरक पुढच्या घटनांना कितपत कारण झाला यावर मतभेद होऊ शकतात, पण थिंफूमध्ये त्याचा अर्थ लावला गेला नसेल असे मानणे अवघड आहे. फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात सल्ल्याचे ते कलम राहिले नाही. त्याच्या जागी परस्परांच्या राष्ट्रीय हितांबाबत निकट सहकार्य करण्याचे आणि आपल्या भूमीचा वापर एकमेकांच्या सुरक्षेविरुद्ध होऊ न देण्याचे वचन आले. जवळपास साठ वर्षे लागली, पण कोणताही जाहीर संघर्ष न करता हा बदल घडला.

२०१७ मधील डोकलामचा पेच पाहा. भूभागावर दावा भूतानचा, आणि समोरासमोर उभे भारत आणि चीन. २९ जूनला भूतानने निवेदन काढून चीनने चालवलेले रस्त्याचे बांधकाम त्या दोघांमधील १९८८ आणि १९९८ च्या लेखी समझोत्यांचा भंग असल्याचे सांगितले. त्यानंतर ऑगस्टअखेर सैन्ये मागे सरेपर्यंत त्याने जवळजवळ मौन पाळले. भारतीय वृत्तवाहिन्यांनी या मौनाचा अर्थ संमती असा लावला, काही चिनी भाष्यकारांनी नाराजी असा लावला. माझ्या मते त्या मौनाचे काम हेच होते की कोणालाही ते आपल्या बाजूचे म्हणता यावे आणि कोणालाही त्यावर हक्क सांगता येऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील पाचही स्थायी सदस्यांशी भूतानचे राजनैतिक संबंध नाहीत, ही गोष्टही याच धोरणाचा भाग आहे. चीनशी सीमेची बोलणी मात्र १९८४ पासून चालू आहेत आणि २०२१ मध्ये तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्या झाल्या आहेत.

आणखी एक धागा जलविद्युतेचा आहे. चुखा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज या तत्त्वावर उभारून दिला. पुढच्या काही प्रकल्पांत कर्जाचा वाटा वाढत गेला. वीज विकत घेणारा आणि कर्ज देणारा देश एकच असेल तर लहान राष्ट्राला किती मोकळीक उरते, हा प्रश्न लष्करी खर्चाच्या तक्त्यापेक्षा कितीतरी अधिक बोलका आहे. मालदीवने २०२३ च्या निवडणुकीनंतर भारतीय सैनिकांच्या माघारीची उघड मागणी केली आणि मे २०२४ पर्यंत ते सैनिक परतले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ आले. त्याच प्रकारचा ताण भूतानने कधीही चव्हाट्यावर आणलेला नाही. एक बेट आणि एक भूवेष्टित डोंगराळ देश यांच्या वर्तनातला हा फरक भूगोलातून येतो की अंतर्गत राजकारणातून, हे तपासण्यासारखे आहे. मालदीवमध्ये परराष्ट्र धोरण निवडणुकीचा विषय होते, भूतानमध्ये ते सहसा तसे होत नाही, म्हणून मी दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

अनुजा_सातारा

तिघांचेही मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून चार देशांचा तक्ता मी बाजूला ठेवला आहे. मॉरिशस आणि आइसलँड यांची जोडी मला फार भावली, कारण प्रतिपक्ष एकच असल्यामुळे तुलना नेमकी करता येईल. भूतानविषयी लिहिण्याचा मोह होतो आहे, परंतु मौनाचा पुरावा कोठून आणायचा हे कळत नसल्याने तो विषय पुढच्या टप्प्यासाठी ठेवते. आता दोन शंका उरतात. १९७६ आणि २०१९ या दोन काळांत आंतरराष्ट्रीय कायदाच बदलला असेल, तर तुलना ग्राह्य राहील का? आणि चागोसची मूळ कागदपत्रे इंग्रजीव्यतिरिक्त कोणत्या भाषांत आहेत?

उत्तर ४: मोका_निवासी

मी काही वर्षे मॉरिशसमध्ये अध्यापनाच्या निमित्ताने राहत आहे, म्हणून साधनांविषयीच्या शंकेचे उत्तर आधी देतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर चागोस प्रकरणातील सर्व लेखी निवेदने आणि तोंडी युक्तिवाद इंग्रजी व फ्रेंचमध्ये विनामूल्य मिळतात. तीसहून अधिक देशांनी आणि आफ्रिकी संघाने लेखी मते दिली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये मॉरिशसच्या वतीने माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ बोलले. १९६५ च्या लंडनमधील परिषदेला ते स्वतः उपस्थित होते, त्यामुळे त्यांचे निवेदन साक्ष म्हणूनही वाचता येते. १९६५ ची ब्रिटिश टिपणे मॉरिशसच्या निवेदनाच्या जोडपत्रांत छापलेली आहेत, त्यासाठी लंडनला जाण्याची आवश्यकता नाही. मॉरिशसच्या संसदेचे कामकाज प्रामुख्याने इंग्रजीत नोंदले जाते, वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंच आहेत.

चागोसवासीयांचे स्वतःचे म्हणणे मात्र क्रिओल या फ्रेंचपासून घडलेल्या बोलीत आहे, आणि ते सरकारी कागदांत फार थोडे उतरले आहे. २०२५ च्या कराराच्या वाटाघाटींत त्यांना स्थान नव्हते, ही त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार आहे. त्यांचा एक मोठा गट ब्रिटनमध्ये स्थायिक झाला असून त्यांतील काहींना मॉरिशसचे सार्वभौमत्वही मान्य नाही. लहान राष्ट्राने मोठ्या राष्ट्राकडून न्याय मिळवला, असे लिहिताना त्या लहान राष्ट्राच्या आत आणखी लहान असलेला समूह कोठे उभा आहे, याचे एक प्रकरण आपल्या लघुप्रबंधात असावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथला मराठी समाज एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी आलेल्यांच्या वंशजांचा आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत भारतीय स्थलांतराचे अभिलेख तसेच मराठीचा विभागही आहे. तेथील मंडळी क्रिओलमधील मजकूर समजून घेण्यास मदत करतात. पत्रव्यवहार मराठीतून केला तरी चालतो.

कायदा बदलल्याची शंका रास्त आहे, पण तुलनेला ती बाधक नाही. तो बदल घडवण्यात अशाच देशांचा हात होता. १९६७ मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी सागरतळ ही मानवजातीची सामाईक ठेव मानावी, असा प्रस्ताव आमसभेत मांडला. त्यातून सुरू झालेल्या परिषदेचे अध्यक्षपद प्रथम श्रीलंकेचे शर्ली अमरसिंघे यांच्याकडे आणि त्यांच्या निधनानंतर सिंगापूरचे टॉमी कोह यांच्याकडे होते. १९८२ च्या त्या करारात २०० सागरी मैलांचे आर्थिक क्षेत्र कायद्याचा भाग झाले, म्हणजे आइसलँडने न्यायालयाच्या मताविरुद्ध जे १९७६ मध्ये मिळवले ते सहा वर्षांत सर्वांचे झाले. पुढे त्याच करारातील सक्तीच्या लवादाने मॉरिशसला २०१५ चा निर्णय मिळवून दिला. आपण दोन्ही प्रकरणे वेगवेगळी न ठेवता या कराराच्या आधीची आणि नंतरची अशी मांडलीत, तर १९७३ ते १९८२ या काळातील परिषदेच्या नोंदी दोन्हींना जोडतील. त्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या कायदाविषयक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खंडवार उपलब्ध आहेत. आइसलँडच्या प्रतिनिधींची त्या परिषदेतील भाषणे आधी वाचावीत.